सिक्स पॅक आहेत, मग गोळा लांब का जात नाही?

भरतीची जाहिरात जवळ आली की जयसिंगपूर, शिरोळ भागातल्या मैदानांवर पहाटे पळणाऱ्या पोरापोरींची गर्दी वाढते. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली, तेव्हापासून तर जास्तच. याच पोरांच्या मोबाईलवर सध्या दोन शब्द धुमाकूळ घालतायत. 'फंक्शनल ट्रेनिंग' आणि 'कोअर'. रीलमध्ये कुणी रबरी चेंडूवर उभा राहून डंबेल उचलतो, कुणी रोज ३०० सिटअप्स मारायला सांगतो, आणि शेवटी शर्ट वर करून पोट दाखवतो.

यातलं कामाचं किती आणि दिखाऊ किती?

आधी परीक्षा काय मागते ते बघू. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. १६०० मीटरमध्ये पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलांना ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. अर्ध्या गुणासाठी वर्ष वाया गेलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. म्हणजे हा विषय नुसत्या बॉडीचा नाही, नोकरीचा आहे.

आता कोअर म्हणजे काय? बहुतेकांना वाटतं पोट. पण आरशात दिसणारे ते सहा चौकोन हा त्याचा छोटा भाग झाला. धडाचा सगळा मधला डबाच कोअर. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायूंचे थर, मागे मणक्यांना धरून ठेवणारे बारीक स्नायू, आणि या डब्याला पायांशी जोडणारे कुल्ल्यांचे स्नायू. पाण्याची प्लास्टिकची बाटली झाकण लावून दाबा, दबत नाही. झाकण काढलं की चुरगळते. श्वास भरून पोट चहूबाजूंनी घट्ट केलं की धडाचं तेच होतं. आपल्या भाषेत याला 'कंबर कसणे' म्हणतात, आणि शब्दशः तेच घडत असतं.

आणि हे बघायला लांब जायची गरज नाही. शिरोळ तालुक्यातलंच कुरुंदवाड. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत या एका गावच्या तीन वेटलिफ्टर्सनी तीन कांस्यपदकं आणली. ५६ किलो गटात गणेश माळी, ६९ मध्ये ओंकार ओतारी, ९४ मध्ये चंद्रकांत माळी. चंद्रकांतने स्नॅचमध्ये १५० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १८८ किलो उचलले. १८८ किलो म्हणजे साखरेची जवळपास चार पोती, तीही डोक्यावर, हात सरळ ठेवून. ते वजन उचलतात पाय. हात फक्त वर धरून ठेवतात. पण पायांचा जोर हातांपर्यंत पोहोचायला मधला रस्ता पक्का लागतो. धड क्षणभर वाकलं की सगळा जोर तिथंच जिरतो आणि बार खाली येतो.

गोळाफेकीतही अगदी हेच. नवखी पोरं गोळा हाताने फेकतात. जाणकार तो पायाने फेकतात: मागच्या पायाचा रेटा, कंबरेचा पीळ, मग छाती, आणि सगळ्यात शेवटी हात. कंबर ढिली असेल तर दंड कितीही फुगवा, अंतर वाढत नाही. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत ज्याचं धड डावी-उजवीकडे डोलायला लागतं, त्याची ताकदही पुढे जाण्याऐवजी डोलण्यात जाते.

त्यामुळे कोअरचं मुख्य काम धड हलवणं नसून हलू न देणं हे आहे. सिटअप्स इथंच मार खातात. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी वर्षानुवर्षं मांडलं की मणका भाराखाली पुन्हा पुन्हा वाकवणं चकतीला महागात पडू शकतं. त्याऐवजी त्यांनी साइड प्लँक, बर्ड डॉग आणि मान-पाठ न वाकवता जेमतेम डोकं उचलायचा कर्ल-अप सुचवला. अमेरिकी लष्करानेही जुन्या फिटनेस चाचणीतल्या सिटअप्स सोडल्या आणि २०२२ पासून प्लँक घेतला. सिटअप मारली की पाठ मोडते असं अजिबात नाही. पण कंबर आधीच दुखत असताना रोज ३०० मारणं हा शहाणपणा नाही.

मग चेंडूवर उभं राहून डंबेल? डळमळत्या पृष्ठभागावर स्नायूंना पूर्ण जोर लावताच येत नाही. दुखापतीनंतर तोल परत आणायला ते ठीक. मातीच्या मैदानावर गोळा फेकणाऱ्याला त्याचा उपयोग किती? फार थोडा. 'फंक्शनल' म्हणजे विचित्र दिसणारा व्यायाम नव्हे. ज्याला जे करायचंय त्याच्या जवळ जाणारा व्यायाम.

त्या अर्थाने कोल्हापूरच्या तालमी पहिल्यापासून फंक्शनलच. हौद्यातली माती खोऱ्याने उकरणं, दोरखंड चढणं, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका, मुद्गल फिरवणं. यातला एकही व्यायाम एकट्या स्नायूचा नाही. मात्र 'जुनं तेच सोनं' म्हणून डोळे झाकायचंही कारण नाही. हजार-हजार बैठकांचा आकडा गाठायच्या नादात गुडघे घालवलेले पैलवानही याच मातीत भेटतात.

प्रत्येक खेळाची मागणीही वेगळी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकला. त्याला जोर पोहोचवायचा नव्हता. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून जड रायफल स्थिर धरायची होती. तिथं कोअर हवा तो शांत राहणारा, तासन्‌तास टिकणारा.

आणि कोअर म्हणजे जादूची कांडीही नाही. जयसिंगपूरशेजारच्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये ५५ किलो गटात २४८ किलोवर थांबला. सुवर्णपदक २४९ ला गेलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली होती. साखळीत कुठलाही एक दुवा तुटू शकतो.

मैदानावरच्या पोरांनी करायचं काय? खर्च फारसा नाही. आठवड्यातून तीन दिवस, पळून झाल्यावर पंधरा मिनिटं: दोन्ही बाजूंचा साइड प्लँक, बर्ड डॉग, आणि एका हातात पाण्याची भरलेली बादली घेऊन खांदे सरळ ठेवत चालणं. बादली उजवीकडे ओढते, डावी बाजू धडाला सरळ धरते. प्लँक तीन मिनिटं ताणत बसण्यापेक्षा दहा-दहा सेकंद कडक धरून सोडणं बरं. जड वजनाखाली श्वास रोखायची सवय मात्र प्रशिक्षकासमोरच लावावी, आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

कंबरेतली कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि दवाखाना. भरतीची तारीख तोंडावर आलेली असते तेव्हा नेमकं हेच लपवलं जातं.