घरभेट उसाच्या फडापर्यंत गेली पाहिजे

गावात तान्हं बाळ गेलं की आशाताईने वर कळवायचं, नर्सबाईंनी घरी जाऊन विचारपूस करायची आणि कागद भरायचा, अशी रीत आहे. कागदावर कारण येतं ‘कमी वजन’. नाहीतर ‘दिवस भरण्याआधी जन्म’, नाहीतर न्यूमोनिया. यातलं काही खोटं नसतं. पण वजन कमी का भरलं, दिवस का भरले नाहीत, हे विचारायला सहसा कोणी बसत नाही; आणि बसलं तरी चुलीजवळच्या कोनाड्यातल्या डबीकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्या डबीत मिसरी असते.

आपल्याकडे मिसरीला कोणी व्यसन म्हणत नाही. दारू हे व्यसन, गुटखा हे व्यसन, मटका तर त्याहून वाईट. मिसरी म्हणजे नुसतं दात घासणं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. पहाटे उठल्यावर एक बोट, भाकरीनंतर एक, निजताना एक. सासू लावते म्हणून सुनेला परकी वाटत नाही. दाढ दुखली म्हणून पहिल्यांदा लावली जाते. दाढ कधीच निघून जाते, डबी राहते. पोटुशी बाई मळमळ थांबते म्हणून लावते. भूक मरते म्हणूनही लावते, पण हे कारण कोणी आपणहून सांगत नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या बसस्थानकाबाहेर कोणालाही दिसेल, पण निदान कागदावर आहे. दारूचं दुकान गावातून हटवायचं तर बायकांना ‘आडवी बाटली’चं मतदान मागता येतं. मिसरीला यातलं काहीच लागू पडत नाही. तंबाखूच्या पुडीवर 85 टक्के जागेत धोक्याचं चित्र छापावं लागतं. पुडी फोडून तंबाखू तव्यावर टाकली की ते चित्र चुलीत जातं.

निकोटीन गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं, नाळेतून बाळापर्यंत पोचतं, पुढे अंगावरच्या दुधातही उतरतं. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,217 गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून 2004 मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते परभणीच्या प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लावावं असं आहे. मिसरी किंवा तोंडात धरायची इतर तंबाखू वापरणाऱ्या बायांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या त्यांच्यात जास्त निघाल्या. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात पोटातच बाळ दगावण्याचा धोका अडीच पटींहून अधिक दिसला. तीन किलोच्या बाळाला 105 ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण अंगात रक्त नसलेल्या, सतरा-अठराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं बाळ बऱ्याचदा मुळातच कमी वजनाचं असतं, आणि अशा बाळाला तेवढे ग्रॅम जिवाचे असतात. अशा मुली आपल्या जिल्ह्यात थोड्या नाहीत. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण परभणीत 48 टक्के निघालं. राज्याचं 22 च्या आसपास होतं.

तंबाखू एकटी नसते. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, नवरा दारू पिऊन तान्ह्याला खेटून झोपला, तर बाळ गुदमरू शकतं. दवाखान्यासाठी ठेवलेले दोनशे रुपये बाटलीत गेले, तर तापलेलं बाळ सकाळपर्यंत थांबतं, आणि नवजात बाळाला सकाळपर्यंतचा वेळ नसतो.

हे वाचून लगेच ‘त्या आयांनाच दोन लगावल्या पाहिजेत’ म्हणणारे भेटतील. त्यांच्यासाठी अमेरिकेतली गोष्ट. टेनेसी राज्याने 2014 मध्ये गरोदरपणी अमली पदार्थ घेणाऱ्या आईवर खटला भरण्याचा कायदा केला. झालं असं, की पकडलं जाऊ या धास्तीने बाया तपासणीलाच जाईनात. ज्या बाळांसाठी कायदा केला तीच डॉक्टरांच्या नजरेआड झाली. दोन वर्षांत त्या कायद्याची मुदत संपली, ती कोणी वाढवली नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात तान्ह्या बाळांना ‘बाळगोळी’ दिली जायची. तिच्यात अफू असायची. आई दिवसभर साच्यावर उभी, घरी बघायला कोणी नाही. गोळी दिली की बाळ झोपून राही. 1920 च्या दशकात सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरबाई चाळींतून फिरल्या आणि त्यांना आढळलं, की गिरणीत जाणाऱ्या बायांची जवळपास सगळीच बाळं अफूवर आहेत. त्या आया दुष्ट होत्या का? त्यांना पगार बुडवून बाळाजवळ बसता येत नव्हतं, एवढंच. पुढे अफूवर निर्बंध आले, पण त्यासोबत 1929 चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदाही आला, आणि 1948 च्या कारखाना कायद्याने पाळणाघर बंधनकारक केलं. नुसती गोळी काढून घेतली असती तर बाळ रडत राहिलं असतं आणि आई तरीही कामावर गेली असती.

सोनपेठ, गंगाखेड, पालमच्या तांड्यांवरून उसाला जाणाऱ्या बाईची गोष्ट याहून फार निराळी आहे, असं मला वाटत नाही. तिला पहाटे तीन-चारला उठायचं असतं. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. सातवा महिना असो की आठवा, नवरा-बायको मिळून एक कोयता आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर घेतलेली. एकाने बसून राहिलं तर फेड कशी व्हायची? अशा दिवसात मिसरी तिची चहा-भाकरी होऊन बसते. नवऱ्याला उसाचे वाढे विकून रोजचे रोख पैसे मिळतात, आणि ते कुठे जातात हे फडावर सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे तंबाखू आणि दारू जिथे सगळ्यात जास्त, तिथेच बाळ सगळ्यात लहान. आणि नेमकं तिथे बाळाकडे बघणारं कोणी नसतं.

बघणारी बाई म्हणजे आशा. तिची घरभेट हा कागदी कार्यक्रम नाही, ती महाराष्ट्रात सिद्ध झालेली गोष्ट आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळ वजनकाट्यात घालायचं, श्वास मोजायचा, ताप बघायचा, गुंडाळून आईच्या अंगाशी ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं आणि 2011 पासून त्याच धर्तीवर देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्याच गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालू झाला. बाळ आणि व्यसन हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय नाहीत हे तिथे उमगलं होतं. आपल्याकडे एक विषय आरोग्य विभागाचा, दुसरा उत्पादन शुल्काचा, तिसरा महिला व बालविकासाचा, आणि बाळ मात्र एकच.

सहा भेटींच्या पूर्ण संचाला आशाला मिळतात 250 रुपये. एका भेटीला बेचाळीसही नाहीत. तेही वेळेवर मिळावेत म्हणून त्यांना संपावर बसावं लागतं. मग दोन भेटी झाल्या आणि सहांच्या सह्या झाल्या तर दोष एकट्या तिचा कसा? तरीही मी हे लपवणार नाही, की नुसत्या सह्यांची घरभेट बाळाला वाचवत नाही. वजनकाटा पिशवीतून बाहेर निघाला पाहिजे. आणि ‘बाई, मिसरी लावता का?’ हे विचारलं गेलं पाहिजे, सासू बाहेर गेलेली बघून, रागावल्याचा सूर न काढता. विचारणारी स्वतः लावत असेल तर तिनेही सोडायला हवी. तिची सोबत कोणत्याही पोस्टरपेक्षा जास्त उपयोगाची. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत सरकारी फोनसेवा आहे. हा नंबर आशाताईच्या तोंडपाठ असावा.

पण दसरा-दिवाळीत ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात आणि यादीतली नावं तशीच राहतात, बायका तेवढ्या जातात. गावातली आशा लिहिते ‘स्थलांतरित’. उसाच्या पट्ट्यातल्या शिरोळ किंवा माळशिरसच्या आशाला ती बाई तिच्या हद्दीत आल्याचं कोणी सांगत नाही. बाळंतपण फडावर होतं. तिसरा दिवस येतो, सातवा येतो, बेचाळिसावा उलटतो. काटा घेऊन कोणी येत नाही.

घर सोडून गेलेल्यांकडे नजर नसली की काय होतं, याचं सगळ्यात भयानक उदाहरण उसाच्या फडावरचं नाही, रस्त्यावरचं आहे. जुलै 2025 मध्ये पुण्याहून परभणीकडे येणाऱ्या स्लीपर बसमध्ये 19 वर्षांची एक मुलगी बाळंत झाली आणि ते बाळ पाथरी–सेलू रस्त्यावर खिडकीतून बाहेर फेकलं गेलं. ते वाचलं नाही. सांभाळण्याची ऐपत नव्हती, असं तिने आणि तिच्यासोबतच्या तरुणाने पोलिसांना सांगितलं. व्यसनाचा इथे संबंध नाही, पण त्या दोघांना जर कोणी सांगितलं असतं, की बाल न्याय कायद्याच्या 35 व्या कलमानुसार बाल कल्याण समितीसमोर बाळ सोपवता येतं, नाव गुप्त राहतं, मन बदललं तर दोन महिन्यांच्या आत परत मागता येतं, आणि परिस्थितीपुढे हात टेकून मूल सोडणाऱ्या आई-बापाला सोडल्याबद्दलची शिक्षा कायद्यानेच माफ केली आहे! यासाठी 1098 हा एकच फोन पुरतो. हा नंबर प्रत्येक खासगी बसच्या आत, खिडकीवर, मराठीत लिहिलेला दिसला पाहिजे. परभणीच्या ट्रॅव्हल्सवाल्यांना एवढं करायला कोणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

टोळ्या नेणाऱ्या मुकादमांनो, उचल देताना तुम्ही नवरा-बायकोची नावं वहीत घेताच. त्याच ओळीत ‘बाई कितव्या महिन्यात’ आणि ‘अंगावरचं लेकरू किती महिन्यांचं’ एवढं लिहा, आणि ती वही टोळी निघायच्या आधी आशाताईला दाखवा. तुमच्या टोळीतलं बाळ दगावलं तर कोयता मोडतो, हे तुम्हाला हिशेबातही कळतं. साखर कारखान्यांनो, गाळपाचा परवाना काढताना ज्या गावांतून टोळ्या येणार त्यांची माहिती तुमच्या शेतकी खात्याकडे असते. ती तिथल्या आरोग्य केंद्राला आठवडाभर आधी द्या, आणि कोप्यांच्या वस्तीवर एक पाळणाघर चालवा, ज्यात एखादी बाई पगारावर मुलं सांभाळेल. गिरण्यांना जे 1948 च्या कायद्याने करावं लागलं ते तुम्हाला आज जड जायचं कारण नाही. गरोदर बाईची नोंदणी झाली की तिला आरसीएच नंबर मिळतो, तो देशभर चालतो. तो तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहून कार्ड तिच्या कपड्यांच्या गाठोड्यात गेलं पाहिजे. ट्रंकेत कुलूपबंद होऊन गावी राहता कामा नये.

बचत गटाच्या ताईंनो, तुमच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्ज सगळं निघतं. एकदा डबी निघू द्या. कोण लावतं, कोणाला सोडायची आहे, कोणाची सून दिवसात आहे. आणि दुकानात पुडी आणायला पोराला पाठवणं बंद करा. मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या 77 व्या कलमात सात वर्षांपर्यंत कैद आहे, हे दुकानदारालाही ऐकवा.

सरपंचांनो, गावात बाल संरक्षण समिती असते, अध्यक्ष तुम्हीच असता, सदस्य सचिव अंगणवाडीताई. शेवटची बैठक कधी झाली ते इतिवृत्त काढून बघा. अठराच्या आतलं लग्न, दारूड्या बापाचं तान्हं, टोळीसोबत निघालेली आठव्या महिन्याची बाई, ही सगळी याच समितीची कामं.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रॅक्टर दारात उभे राहतात. ‘ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर माता आणि वर्षाआतल्या बाळांची यादी, आणि ती कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राला कळवणे’ असा विषय सभेच्या नोटिशीत घ्यायला लावा. अर्ज एका पानाचा पुरतो, ग्रामपंचायतीकडून पोच घ्या. यादी करायला आशाताईला एक संध्याकाळ लागेल. त्या संध्याकाळी तिच्यासोबत घरोघर फिरायला गावातल्या दोघी-तिघी तयार ठेवा.