आशेला आधाराची जोड

‘आमच्या घराण्यात असे कोणीच नव्हते.’ नातवाला स्वमग्नता असल्याचे निदान झाले की अनेक घरांत हे वाक्य उच्चारले जाते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. सुनेच्या कानी मात्र ते आरोप म्हणूनच पडते.

हा आरोप जुना आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर बराच काळ, आईच्या मायाहीन वागण्यामुळे मूल असे होते, असे काही तज्ज्ञही सांगत राहिले. या समजाला हादरा दिला तो एका पित्याने. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. या अवस्थेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, हे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात मांडले आणि पुढच्याच वर्षी पालकांची संघटना उभारली. इंग्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी हेच कार्य केले. त्याही एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. दिल्लीत मेरी बरुआ या मातेने १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापन केली. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्थान मिळाले. त्यामागेही अशा पालकांची चिकाटी आहे.

या पालकांनी चमत्काराची आशा धरली नाही. स्वमग्नता हा औषधाने बरा होणारा आजार नव्हे. म्हणूनच ‘पूर्ण बरे करतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहावे. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि समजूतदार शाळा लाभली, तर मूल आपल्या गतीने शिकते. पाणी हवे असल्याचे चित्र दाखवून सांगता येणे, ही त्या घरातील मोठी घटना असते.

अशा घरात आजी-आजोबांचे स्थान मोलाचे आहे. दिनक्रम ठरलेला असला की या मुलांना स्वस्थता वाटते, आणि तो सांभाळण्याची सवड ज्येष्ठांपाशी असते. कुकरच्या शिट्टीने मूल कान झाकत असेल, तर ते हट्टीपणा करीत नाही. तो आवाज त्याला खरोखर असह्य होतो. नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये, चुलत भावंडांशी तुलना करू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ नातवाला सांभाळून त्याच्या आईला मोकळीक दिली, तर तो आधार कोणत्याही उपदेशाहून मोठा ठरतो.

एक प्रश्न मात्र उपचारांनी सुटत नाही : आमच्या पश्चात याचे कसे? मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान ठरते. त्यानंतरही निर्णयांसाठी कोणाची साथ लागणार असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळीच काढून ठेवावे, आणि काका, मामा, भावंडे यांच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. हे बोलणे घरातील ज्येष्ठांनी सुरू केले, तर आई-वडिलांच्या मनावरील ओझे निम्म्याने उतरते.