आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

अमेरिकेत मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. स्वयंपाकघर, पलंग, संडास, सगळं आत. आणि वीजसुद्धा घरचीच! गाडीच्या पोटात एका पेटीत साधारण ४ किलोवॅटचा जनरेटर बसवलेला असतो. रानात तळ ठोकला, जवळपास विजेची सोय नाही, की याचं बटण दाबायचं. या जनरेटरखाली ऑइलचे थेंब दिसू लागले की बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात. "गळती थांबवणारं औषध ओता", नाहीतर "नवा बसवा". माझं मत विचाराल तर, गळती कुठून होते हे शोधण्याआधी दिलेला सल्ला हा सल्लाच नव्हे.

आता हे शोधणं सोपं नाही, हेही खरं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलच्या वर आवाज करायला बंदी आहे. म्हणून इंजिन चहूबाजूंनी बंद पेटीत कोंबलेलं असतं. आत थंडाव्यासाठी पंखा फिरतो. वरच्या एखाद्या सांध्यातून झिरपलेलं ऑइल त्या वाऱ्याने सगळीकडे पसरतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं. मग दोषी ठरतो तो बोल्ट. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेजारच्या आजोबांच्या बाबतीत हेच चाललं होतं. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली जुनी गाडी. आजींना रात्री झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, त्यामुळे त्यांचं यंत्र रात्रभर चालू लागतं. दिवसा जनरेटरवर बॅटऱ्या भरायच्या, रात्री त्यावर यंत्र चालवायचं. जनरेटर गेला की रानातला मुक्काम गेला. गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारला आणि नवा जनरेटर बसवायला सांगितलं, कित्येक हजार डॉलर! आकडा ऐकून आजोबा गाडीच विकायला निघाले होते.

एका शनिवारी आम्ही दोघांनी नुसती साफसफाई केली. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, म्हणजे चुकून चालू व्हायला नको. ऑइलची पातळी सपाट जागी पाहिली, कारण जास्त भरलेलं ऑइलही बाहेर येतं. ती ठीक होती. मग तेलकटपणा काढणारा फवारा मारून इंजिन लख्ख पुसलं, वाळू दिलं आणि सांध्यांवर पायाला मारतात ती पांढरी पावडर फवारली. तार जोडून, मोकळ्या हवेत, एसीचा भार टाकून पाच-सात मिनिटं चालवलं. पांढऱ्यावर काळी रेघ उमटली ती थेट टॅपेट कव्हरच्या कडेपासून. खालचा बोल्ट निर्दोष सुटला!

पण गोष्ट इथेच थांबत नाही. पॅकिंग गेलं कशाने? इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर काजळीने चोंदला होता. दाबाला वाट मिळेना, म्हणून त्याने पॅकिंगमधून वाट काढली. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर महिन्या-दोन महिन्यांत तेच रडगाणं. ब्रीदर साफ केला, नवं पॅकिंग घातलं आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. एका बाजूने दणकून आवळलं की पातळ पत्र्याचं कव्हर वाकतं आणि पुन्हा गळतं.

प्रत्येक गळती अशी स्वस्तात सुटते असं मी म्हणणार नाही. इंजिन आणि विजेचा भाग यांच्यामधलं ऑइल सील गेलं असेल तर अख्खा जनरेटर खाली उतरवावा लागतो. सिलिंडरच झिजला असेल तर नवा घेणंच शहाणपणाचं. गॅरेजवाला लबाड असतो असंही नाही. तिथे मजुरी तासावर, आणि शोधण्याच्या तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. बदलण्याचे मात्र निमूट देतं! गावाकडे विहिरीवरच्या इंजिनाला बोलावलेला मिस्त्री आधी चिंधी मागायचा, मग पाना. तो काही फार शिकलेला नसे, पण हा क्रम त्याला पक्का ठाऊक होता.

दुर्लक्ष करून चालत नाही, हेही तितकंच खरं. तापलेल्या सायलेन्सरवर ऑइल पडलं तर धूर होतो, आगही लागू शकते. आणि पेटी उघडलीच आहे तर सायलेन्सरचा पाइप फुटलेला नाही ना, आतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो ना, तेही पाहून घ्यावं. त्या वायूला ना रंग ना वास. माणसं झोपेतच जातात.

असो. पुढच्या वेळी कुणी "नवा बसवा" म्हणालं तर "किती पडतील?" हा प्रश्न नंतर. आधी एवढंच विचारायचं, "गळतंय कुठून, ते दाखवता का?"