विमान कंपनी बुडते तेव्हा आपटतो कोण?

नवी विमान कंपनी निघाली की वर्तमानपत्रं मालकाच्या धाडसाचं कौतुक करतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे धाडस कुणाच्या पैशावर चालतं आणि फसलं तर भरपाई कोण करतं?

२००५ मध्ये सुरू झालेली किंगफिशर घ्या. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा पाच वर्षांच्या अनुभवाची आणि २० विमानांची अट होती. तेवढं थांबण्याऐवजी तिने तोट्यातली एअर डेक्कन घेतली. एक थाटामाटाची, दुसरी स्वस्त तिकिटांची. एकत्र ताफ्यातली विमानंही एकाच बनावटीची नव्हती. २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि गणित पुरतं कोसळलं. कंपनीने एकाही वर्षी नफा पाहिला नाही. २०१२ मध्ये उड्डाणं थांबली. १७ बँकांचं कर्ज थकलं, त्यातल्या बहुतेक सरकारी. कर्मचाऱ्यांचे पगारही थकले.

इंडिगोने उलटी वाट धरली. सुरुवातीची दहा वर्षं एकाच जातीची विमानं. म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती सगळं एकसारखं. २००५ मध्ये एकदम १०० विमानांची ऑर्डर दिली. विमान हाती आलं की ते विकायचं आणि तेच भाड्याने चालवायचं. रोकड हाती राहिली, कंपनी टिकली.

पण नुसती शिस्त पुरत नाही. गो फर्स्टची विमानंही एकाच जातीची, वाढही सावकाश. इंजिनं नादुरुस्त होऊन जवळपास निम्मी विमानं उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये कंपनी बंद पडली.

खरी मेख इथे आहे. विमानं भाड्याची असली की बंद पडलेल्या कंपनीत विकण्यासारखं फारसं उरत नाही. दिवाळखोरी कायद्याचं कलम ५३ कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरतं. पण तिजोरीच रिकामी असेल तर वाटणार काय? कंत्राटी लोडर आणि सफाई कामगार तर कंत्राटदाराच्या दारात उभे. विमानं भाड्याने देणाऱ्यांसाठी मात्र संसदेने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यांचं विमान सुरक्षित, आपला पगार वाऱ्यावर!

म्हणून मागणी स्पष्ट हवी : नवी विमानं आणण्याआधी कंपनीने कंत्राटी कामगारांसह सर्वांचा सहा महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात ठेवावा. तशी अट परवान्यातच घाला.

आपल्या वस्त्यांमधली मुलं-मुली कर्ज काढून केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफचे कोर्स करत आहेत. मित्रांनो, गणवेशाचा रुबाब नंतर बघू. आधी नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं आहे आणि पीएफ भरला जातो का, हे तपासा. आणि एकटे राहू नका, युनियन करा.