सर्वांत हळू गाडी पुढे

मुलांनो, रविवारी सकाळी आपल्या शहरातील काही तरुण लहान मोटारसायकली घेऊन वेरूळला निघतात. आधी दौलताबादचा किल्ला, मग घाट, मग खुलताबाद. सुमारे ३० किलोमीटरची वाट. तिला शंभर सीसीची गाडीही पुरते.

मला ही सहल आवडते. खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. त्यानेच १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी आपले शहर वसवले. तिथे घटकाभर थांबायलाही वेळ नसेल, तर घरून निघायचे कशाला?

पण घाटात शर्यत लागते. मागे पडलेला लाजतो, वेग वाढवतो आणि वळणावर समोरून एसटी येते! म्हणून माझे मत असे, की सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावे आणि इतरांनी त्याच्यामागे राहावे. यात कमीपणा कसला?

तुम्हालाही जावेसे वाटेल. मात्र गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्याआधी गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार अब्बांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोवर सायकल आहेच. मोठ्या भावाला बरोबर घ्या, पाण्याची बाटली घ्या आणि दौलताबादपर्यंत जाऊन या.