एका मतानें मिळालेलें अध्यक्षपद

अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकांतील अध्यक्षांची योग्यता ठरवितांना कोणास किती मतें पडलीं, येवढेंच पाहण्याची पुष्कळांस संवय आहे. परंतु केवळ विक्रीचा आंकडा पाहून कोणताही शहाणा व्यापारी पेढीची पत ठरवीत नाहीं. १८६० सालीं लिंकन यांस शेंकडा ४० हूनही किंचित् कमी मतें मिळालीं होतीं. तरी गुलामगिरीच्या मुळावर घाव बसला तो त्यांच्याच कारकीर्दींत.

याच्या उलट १८७६ ची निवडणूक पाहा. टिल्डन यांस हेझ यांच्यापेक्षां सुमारें अडीच लक्ष लोकांचीं मतें अधिक पडलीं. परंतु तेथें अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतील निर्वाचकांच्या मतांनीं. १८५ मतें हवीं असतां टिल्डन यांजकडे १८४ निर्विवाद होतीं, आणि २० मतांविषयीं तंटा होता. काँग्रेसनें नेमिलेल्या पंधरा जणांच्या मंडळानें, आठ विरुद्ध सात अशा मतांनीं, तीं विसांचीं वीस हेझ यांच्या पदरांत टाकिलीं!

यांत टिल्डन यांजवर अन्याय झाला असें पुष्कळ म्हणतात. आमचें मत निराळें आहे. दक्षिणेंत नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस मारहाणीनें व धाकदपटशानें मतदानापासून दूर ठेविलें होतें. तेव्हां टिल्डन यांचें मताधिक्यही निष्कलंक नव्हे. खरा अन्याय पुढेंच झाला. १८७७ च्या एप्रिल महिन्यांत हेझ यांनीं दक्षिण कॅरोलायना व लुइझियाना येथील राज्यगृहांजवळचें संघराज्याचें लष्कर काढून घेतलें. यास समेट म्हणा वा सौदा म्हणा; त्याची किंमत ज्यांनीं भरली त्यांस कोणीं विचारिलेंच नव्हतें.

काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहानें लष्कराचा खर्च अडविला होता, आणि दक्षिणेच्या पुढाऱ्यांनीं कृष्णवर्णीयांचे हक्क राखण्याचें वचन दिलें होतें, असें हेझ यांच्या बाजूनें सांगतात. तें खरें आहे. हेझ स्वतः सचोटीचे होते, हेंही खरें. परंतु ज्यांच्यापासून रक्षण करावयाचें त्यांच्याच वचनावर दुर्बलांस सोंपविणें यास राजनीति कोण म्हणेल? त्यांच्या आधींचे ग्रँट यांची राजवट लांचलुचपतीनें डागाळलेली होती. तथापि १८७१ च्या कायद्यानें त्यांनीं कू क्लक्स क्लॅन या दहशती टोळीस मोडून काढिलें. या एका बाबतींत आमच्या तराजूंत ग्रँट यांचेंच पारडें जड आहे.

१८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत त्या राष्ट्रानें मुक्त झालेल्यांस वाऱ्यावर सोडावें, ही केवढी शोकाची गोष्ट! दक्षिणेंत त्यांचा मताधिकार कायद्यानें खऱ्या अर्थानें सुरक्षित होण्यास १९६५ साल उजाडावें लागलें.

म्हणून अध्यक्षांची तुलना करूं इच्छिणाऱ्यांनीं मतांची बेरीज अवश्य पाहावी. परंतु ज्यांस मत देतां आलें नाहीं त्यांचें त्या अध्यक्षाच्या हातून काय झालें, हें आधीं पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.