कागद कोरडे, अंगण ओले

वर्ध्यात घराचा वा भूखंडाचा सौदा बहुधा पाडवा ते अक्षय्यतृतीया या काळात ठरतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम हाती असते. सात-बारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा वकिलाने तपासलेला असतो. जमीन मात्र वैशाखात पाहिलेली असते, आणि काळ्या जमिनीचे वैशाखातील दर्शन फसवे होय. तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात. घागरभर पाणी क्षणात गडप होते. मृगाच्या सरींनी तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरेनासे होते. उतार मिळाला तर ते वाहते, नाही तर तेथेच थांबते.

नदीच्या पुराची निदान बातमी तरी होते. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाटला वणेचे पाणी वस्त्यांत शिरले. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूरला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठची घरे बुडाली. परंतु नदीपासून दूर असलेल्या ले-आऊटांत घोटाभर पाणी आठ-आठ दिवस उभे राहते, त्याचा पंचनामा कोण करणार? शेतकरी धुऱ्याकडेने पाण्यासाठी चर राखीत असे. शेताचे भूखंड पडले की तो चर बुजतो. रस्त्यालगत गटार बांधले जाते. ते पुढे कोठे मिळते, हे कोणी विचारत नाही. वर्धा शहराची वाढ पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी या ग्रामपंचायतींच्या हद्दींत झाली. पाण्याला हद्द नसते, पण गटाराच्या खर्चाला असते!

कायद्याचा आधार शोधू जाता निराशाच पदरी येते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, जो आरंभापासून मध्य प्रांताला म्हणजे वर्ध्यालाही लागू होता, वरच्या जमिनीवर पडलेले पाणी स्वाभाविकपणे वाहत आले तर खालच्या मालकाने ते येऊ दिले पाहिजे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा केल्यास तहसीलदार प्रवाहातील अडथळा दूर करवू शकतो. पण हे संरक्षण शेती, कुरण, झाडे व पिके यांना आहे. अकृषक झालेल्या भूखंडावरील शिक्षकाला वा कारकुनाला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

तेव्हा पाहायचे ते आधीच पाहावे. भूमि अभिलेख कार्यालयातील गावनकाशात नाला कोठून जातो? मोकळ्या भूखंडात बेशरम किंवा लव्हाळा माजला आहे काय? जुन्या घराच्या भिंतीला एका उंचीवर लोणा लागला असेल वा ताजा रंग फक्त कमरेपर्यंतच दिला असेल, तर शेजाऱ्यांशी बोलावे. सिमेंटचा रस्ता जोत्याहून वर गेला आहे काय, हेही पाहावे; एकावर एक थर चढवून रस्ते उंच करण्याची आपली रीत घरांना खड्ड्यात घालते. भराव टाकू, असे विक्रेता म्हणेल. त्या भरावाने पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते आणि पुढल्या वर्षी तोही भराव टाकतो.

इसार चैत्रात दिला तरी खरेदीखत श्रावणात करण्याची अट घालावी. ती ऐकून विक्रेता काय म्हणतो, याकडे लक्ष द्यावे.